मांजराचं नाव भिंतीवर, माझं नाही

चौदा वर्षं नवऱ्याची, नख्तमिनची चूल आणि खोकला मी सांभाळला, आणि त्याच्या थडग्याच्या भिंतीवरच्या चित्रात त्याच्या शेजारी बसली कोण? हेनुतशेनू! त्याची पहिली बायको, मी घरात यायच्या आधीच मेलेली. तिच्या नाकाशी निळं कमळ, म्हणजे रोज सकाळी बाई नव्यानं उठणार. ते निळं मी घोटलेलं. तिच्या खुर्चीखाली मांजर, आणि मांजराच्या डोक्यावर मांजराचंही नाव!

मी तखारू, रंग घोटणाऱ्या मिनमोसेची मुलगी, थडगी खोदणाऱ्यांच्या गावची, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दमदाटीशिवाय हे सांगते. मला फक्त माझं नाव लिहिता येतं. बाकी लेखनिक पेनदुआ लिहितोय. त्यानं एक शब्दही गोड करायचा नाही.

भिंत रंगवली सावत्र मुलगा इपूयनं. त्याला विचारलं, तर म्हणाला, "धाकटे आई, भिंत भरली."

"मांजर बरं मावलं!"

"तूही आहेस की. ती बघ खाली, बदक घेऊन."

गुडघ्याएवढी बाई. नाव नाही. म्हणजे मेल्यावर कायमची मी हेनुतशेनूची मोलकरीण!

तर घरातला माझा तिसरा हिस्सा, बापाचा रंग घोटायचा दगड आणि निळ्या रंगाची कृती, जी मी अजून कुणाला सांगितलेली नाही, हे सगळं इपूयचं. अट एकच. नख्तमिनच्या दुसऱ्या बाजूला मला काढावं, हेनुतशेनूएवढी उंच, हात त्याच्या खांद्यावर, वर नाव. मांजर खरवडू नये, मुक्या जिवाशी माझं वैर नाही. जागेसाठी त्याच्यापुढे रंगवलेली नैवेद्याची रास कमी करावी. नख्तमिन तसाही दोन घास खायचा.

नाही काढलं, तर हिस्सा आणि दगड शेजारीण तमेकेतचे, आणि कृती माझ्याबरोबर जाईल. काशाची परात मात्र काहीही झालं तरी तमेकेतचीच. भिंतीसमोर एकटी तीच म्हणाली, "ही तू नव्हेस गं."

हेनुतशेनूचा आरसा, ज्याला नख्तमिननं मला कधी हात लावू दिला नाही, तो माझ्या पेटीत आहे. तो माझ्यासोबत पुरावा. तिला परत मिळता कामा नये.

साक्षीदार: दगडफोड्या केन्ना, परटीण वेबखेत.
सही: तखारू
पश्चिम तीर, उन्हाळ्याचा पहिला महिना, दिवस पंचविसावा.

इपूय, दरीच्या सणाला सगळं गाव थडग्यांवर जेवायला जाईल. त्या भिंतीसमोर मी बदकवाली म्हणून बसणार नाही. पुढच्या महिन्याच्या दहाव्या दिवशी तुला कामाची सुट्टी आहे. त्या दिवशी दारात ये आणि तोंडानं सांग, काढतोस की नाही?