सगळ्या टेस्ट हिरव्या

४ मार्च
या महिन्यात टीमचा लीड ठरणार. मीच होणार, दुसरं आहे कोण? दवाखान्याच्या बुकिंग ॲपचा कोड तपासणाऱ्या सगळ्या टेस्ट मी लिहिल्या. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. बायकोला विचारलं, माझी केबिन बघायला येशील ना? ती बोलायच्या आत निघालो. येईलच.

६ मार्च
नवी टेस्टरबाई आलीय. तोंडावरूनच आगाऊ. म्हणे माझ्या टेस्ट फारच लवकर संपतात. काहींना दुसऱ्याचा वेगही बघवत नाही. तिच्याशी बोलणं बंद.

७ मार्च
बोलावं लागलं. तिने बुकिंगचा अख्खा कोड काढून टाकला आणि माझ्या टेस्ट चालवल्या. तरी हिरव्या. मी म्हटलं, बघा किती भक्कम आहेत. तर म्हणे, सर्व्हरचं उत्तर यायला वेळ लागतो. कोडमधलं प्रॉमिस म्हणजे ते नंतर येईल एवढंच. तुमची टेस्ट थांबतच नाही, उत्तर यायच्या आत पास होऊन मोकळी. प्रत्येक ठिकाणी अवेट लिहा, म्हणजे टेस्ट उत्तराची वाट बघेल. मी म्हटलं, माझं काम मला शिकवू नका. निरुत्तर झाली. म्हणजे काहीतरी बोलत होती, पण मी चहाला गेलो.

१० मार्च
साहेबांना सांगितलं, गुरुवारी ॲप लोकांसाठी सोडतो. लीडचं पक्कं ना, तेही विचारलं. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात माझी लिफ्ट आली. होकारच असणार. रिकाम्या केबिनमधलं टेबल खिडकीकडे सरकवून ठेवलं.

१३ मार्च
ॲप सोडलं. दातांच्या एकाच डॉक्टरकडे एकाच वेळेला खंडीभर पेशंट हजर. सर्व्हर जागा नाही म्हणत होता, ॲप सगळ्यांना बुकिंग झालं म्हणत होतं. रिसेप्शनवाली फोनवर जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. टेस्टरबाईचीच नजर लागली. मेलीचे डोळेच तसे आहेत.

१४ मार्च
तिचं खोटं उघडं पाडायला म्हणून अवेट घातले. सगळ्या टेस्ट लाल. कॉम्प्युटर बिघडलाय. शेजारच्यावर चालवल्या. तोही बिघडलाय.
निघताना बायकोला विचारलं, तुझा तरी विश्वास आहे ना? ती म्हणाली की मी विचारतो आणि चालू लागतो, उत्तर कधी ऐकतच नाही. पुढेही काहीतरी म्हणाली. मला उशीर होत होता.

१७ मार्च
लीड ठरला. टेस्टरबाई. साहेब म्हणे त्या दिवशी लिफ्टपाशी हेच सांगणार होते.
दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली. माझ्या हाताखाली काम कराल का, तिने विचारलं. मी स्क्रीनकडे बघत बसलो. वाटलं, जाईल कंटाळून. गेली नाही. उत्तर येईपर्यंत तिथेच उभी राहिली.
शेवटी हो म्हणावं लागलं.