ओल्ड्रॉइडांच्या घरातला ‘दाऊ’

मी, एनिड ओल्ड्रॉइड, वय ब्याऐंशी, राहणार पेनिस्टन, यॉर्कशायर, राजीखुशीने लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. शेजारणींना तो न बघताही ठाऊक आहे. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या पश्चात एकुलती मुलगी क्रिस्टीन हिला मिळावी. तिच्यावर माझा राग होता. तो वारशात येत नाही, माझ्या हयातीतच फिटला. कसा, ते नोंदवते.

आमच्याकडे नवराबायको एकमेकांना ‘दाऊ’ म्हणत, म्हणजे ‘तू’. बाकीच्या इंग्लंडने तो जुना शब्द प्रार्थनेपुरता ठेवला आणि लहानथोर सगळ्यांना ‘यू’ केले. क्रिस्टीनचे लग्न लंडनच्या घरात ठरले तेव्हा ती म्हणाली, “आई, त्यांच्यासमोर तुम्ही दोघं ‘दाऊ-दाऊ’ करू नका गं. गावंढळ दिसतं.” लेकीसाठी आम्ही जीभ वळवली. पुढे वीस वर्षे मी माझ्या नवऱ्याशी, विल्फशी, पाहुण्याशी बोलावे तशी ‘यू’ म्हणत बोलले.

मग विल्फला अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. बोलायला शिकवणाऱ्या बाई येऊन चित्रे दाखवत. हा भिंतीकडे बघे. क्रिस्टीनने वृद्धाश्रमात खोली ठरवली. “आई, बाबा आता बोलायचे नाहीत. एकटीला झेपणार नाही हे.”

गाडी यायची त्या सकाळी त्याने चहाचा पेला ढकलून दिला. माझा तोल सुटला.

“पी मुकाट्यानं! दाऊ म्हणजे नुसता धोंडा आहेस, धोंडा!”

त्याने मान वळवली. 

“दाऊच पी,” विल्फ म्हणाला. “साखर कुठंय त्यात?”

दारात क्रिस्टीन त्याची बॅग घेऊन उभी होती. बॅग खाली टाकून ती ओक्साबोक्शी रडली. मी गाडीवाल्याला म्हटले, “जा बाबा परत. इथून कोणी जात नाही.” विल्फ आणखी सहा वर्षे बोलला, बहुतेक माझ्या स्वयंपाकाविरुद्ध.

त्याचे दगडी कुंपण रचायचे हातोडे त्याचा कामावरचा जोडीदार क्लिफर्ड याला द्यावेत. माझी नणंद बेरिल म्हणत असे, “देवाला म्हणायचा शब्द नवऱ्याला कसला वापरतेस!” तिला निळ्या चहाच्या संचातला कान तुटलेला कप द्यावा. बाकी संच क्रिस्टीनचा.

आमच्या लहानपणी पोराने आईला ‘दाऊ’ म्हटले तर उद्धटपणा म्हणून थोबाडीत बसे. क्रिस्टीन हल्ली रोज फोनवर विचारते, “आई, दाऊ जेवलीस का?” उच्चार लंडनचा आहे. मी दोनदा विचारायला लावते.

हे मला वाचून दाखवले, पटले, म्हणून सही करते.

एनिड ओल्ड्रॉइड
पेनिस्टन, १४ मे २०१४

आमच्यादेखत सही झाली:
१. डोरीन मिकलथ्वेट, शेजारीण
२. नॉर्मन शॉ, टपालवाला (निवृत्त)