साहेबांचे झटके आणि सांगलीचा हरी

९ जानेवारी १९७४, बुधवार

साहेब मेलाच असं वाटलं! नाही मेला. आत्ता माझ्या पायाशी घोरतोय. 

सकाळी सातला उठला, आळस दिला, दोन पावलं टाकली आणि धाडकन आडवा. चारी पाय ताठ. मग सायकल मारल्यासारखे हलायला लागले. तोंडाला फेस, खाली ओलं. डोळे सताड उघडे, पण आमच्याकडे बघेनात. आई कांदा घेऊन धावली. दूध घालायला आलेल्या राहीबाईंनी पायातली चप्पल काढली — "कातडं हुंगवा, लगीच उटतंय." अण्णांनी दातखीळ सोडवायला चमचा घातला — बोटालाच चावा! आणि मी काय केलं? किंचाळले. एवढंच.

नंतर उठला तर भिंतींना धडकत फिरला. मला ओळखेना! अर्ध्या तासानं ओळखलं आणि तीन भाकऱ्या खाल्ल्या.

अण्णा बोटाला फडकं बांधून म्हणाले, "पिसाळलाय. माहुलीपलीकडे सोडून यायला सांगतो कुणाला तरी."

गावठी कुत्रा, एक कान फाटका. पण अण्णांच्या आरामखुर्चीत बसतो म्हणून नाव साहेब. त्याला माहुलीपलीकडे? मी जेवले नाही.

१० जानेवारी

दुपारची ड्यूटी. टेलिफोनच्या बोर्डावर सांगलीची लाइन उचलली तर पहिलाच प्रश्न — "काय सातारा, आवाज का बसलाय?"

लिमये, सांगलीच्या बोर्डावरचे ऑपरेटर. दोन वर्षं रोज हा आवाज ऐकते. तोंड कधी पाहिलेलं नाही. ते मला सातारा म्हणतात, मी त्यांना सांगली. सांगून टाकलं सगळं. मग त्यांनी जे सांगितलं ते इथं उतरवून ठेवते. तोंडात काही घालायचं नाही. दाबून धरायचं नाही. स्टूल, तांब्या, जे लागेल ते दूर सारायचं. डोक्याखाली मऊ काहीतरी. घड्याळ बघायचं. रेडिओ बंद. आणि शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसून हळू बोलत राहायचं.

"शुद्धीवर येताना फार एकटं वाटतं," म्हणाले.

"कुत्र्याला?" मी हसले. "तुम्हाला बरं एवढं माहीत!"

"आमच्या घरी एकाला येतात झटके."

"अय्या! नाव काय त्याचं?"

लाइनवर नुसती खरखर. मग — "हरी."

कुत्र्याला देवाचं नाव! अण्णांना सांगायला नको.

१२ जानेवारी

जनावरांच्या दवाखान्यात दोन म्हशींच्या मध्ये उभे राहिलो, मी आणि साहेब. डॉक्टर हंबीरराव म्हणाले, "पिसाळलेलं कुत्रं भाकऱ्या हाणतंय व्हय? फेफरं हाय हे. दहा दिवस नजर ठेवा तरी." गार्डिनलच्या गोळ्या लिहून दिल्या, गुळात घालून.

अण्णांनी मात्र पोटातली इंजेक्शनं सुरू केलीच. रोज टोचून आले की साहेबाकडे असं बघतात!

१४ जानेवारी, संक्रांत

लाइनवरून तिळगूळ दिला. "घ्या सांगली." "घेतला सातारा. हलवा आहे की वडी?" मी म्हटलं, अर्धा हरीला द्या. म्हणाले, "त्यानं अगोदरच खाल्ला."

दिवसभर उगाच हसू येतंय.

१९ जानेवारी

जमलं!!

सकाळी पावणेसातला. मी स्टूल सरकवलं, उशी सारली, आईचा कांदा परत पाठवला. एक मिनिट पन्नास सेकंद. सबंध वेळ बोलत होते — काय बोलत होते देव जाणे, बहुतेक ट्रंक कॉलचे दर. डोळे फिरले, थांबले, आणि माझ्यावर आले. शेपटीचं टोक एवढंसं हललं.

मला वाटलं आता मी डोंगर उचलीन. अजिंक्यताराच!

२४ जानेवारी

आज ऑफिसात जे झालं! हसून हसून पोट दुखतंय.

लिमयांना सांगत होते — "साहेबांना पहाटे परत झटका आला. फेस कमी होता. आता आडवे पडलेत." मागून आमच्या सुपरवायझर बनुबाई जात होत्या. मला पत्ताच नाही. दहा मिनिटांत सगळं ऑफिस इंजिनिअरसाहेबांच्या केबिनबाहेर! कुणी गरम पाणी आणलं, कुणी अंगारा. बनुबाईंचे डोळे भरलेले. दार उघडून साहेब स्वतः बाहेर आले, हातात चहाची बशी — "कोण गेलं?"

लाइन चालूच होती. लिमयांनी सगळं ऐकलं. त्यांचं हसू थांबेना, माझं थांबेना, आणि मध्ये इस्लामपूरचा एक व्यापारी "हॅलो हॅलो" करत अडकलेला.

मेमो मिळाला. मिळू दे!

३० जानेवारी

हरीसाठी पट्टा घेतला. लाल चामड्याचा, घुंगरांचा. गळ्याचं माप विचारलं. लिमये म्हणाले, "पंधरा इंच."

केवढा कुत्रा! अल्सेशियनच असणार. एस.टी.च्या पार्सलनं पाठवला. वर लिहिलं — हरीस, साहेबांकडून सप्रेम.

८ फेब्रुवारी

मी अंघोळीला होते तेव्हा साहेबाला आला. धावत बाहेर आले तर अण्णा जमिनीवर बसलेले! घड्याळ हातात. "आहे रे, इथंच आहे मी," म्हणत होते. आमच्याशी बोलताना हा आवाज कुठं असतो?

मला बघून खाकरले. म्हणाले, "दोन मिनिटं. लिहून ठेव."

माहुलीचं नाव परत काढलेलं नाही.

१५ फेब्रुवारी

मी म्हटलं, "एकदा हरीला घेऊन या की साताऱ्याला."

आधी माझी रविवारची सुट्टी आहे का विचारलं. मग, "रविवारी येतो. हरीलाच घेऊन येतो."

कुठली साडी? निळी? निळीच. कुत्रा बघायला कुणी निळी साडी नेसतं का! नेसतं.

१७ फेब्रुवारी, रविवार

साडेअकराची सांगली गाडी. साहेबाला घेऊन स्टँडवर उभी. सगळे उतरले. शेवटी एक उंच माणूस उतरला, चष्मा, पांढरा शर्ट. "सातारा?"

आवाज तोच! आणि चेहरा — मी काहीच ठरवलं नव्हतं, तरी वाटलं हाच.

मी इकडेतिकडे बघितलं. "हरी कुठाय?"

"हा काय."

मला कळेना. त्यांनी खिशातून लाल पट्टा काढला. "माप बरोबर आलं. ऑफिसात घालता येत नाही एवढंच."

हसले. मी खूप मोठ्यानं हसले. लोक बघायला लागले. आणि हसता हसता कळलं, आणि तिथंच बाकावर बसले.

हरी लिमये. वय सत्तावीस. अकराव्या वर्षापासून झटके. बहुतेक सकाळी उठताना येतात, म्हणून ड्यूटी दुपारची मागून घेतात. ऑफिसात ठाऊक नाही. शाळेत असताना मास्तरांनी चप्पल हुंगवली होती. दोन ठिकाणी लग्न ठरलं. आई म्हणायची, आत्ता बोलू नकोस, अक्षता पडल्यावर बघू. दोन्ही वेळा यांनी स्वतः जाऊन सांगितलं. दोन्ही मोडली.

"लपवून केलं तर रोज सकाळी भीत उठायचं," म्हणाले. "झटक्याला नाही भीत मी."

"मग मला कुत्रा आहे असं का वाटू दिलंत?"

"तुम्ही नाव विचारलंत. इतक्या आनंदानं आजवर कुणी विचारलं नव्हतं."

साहेबानं त्यांचा हात चाटला. 

१८ फेब्रुवारी

मी एका माणसाला पट्टा पाठवला. घुंगरांचा.

२० फेब्रुवारी

काल लाइनवर मीच लिमयांना लग्नाचं विचारलं, हो म्हणाले. आज घरी सांगितलं. हरीशी लग्न करायचंय, आणि त्याला झटके येतात. एका दमात, नाहीतर जमलं नसतं.

आईच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. "कुत्र्याचं वेगळं, पद्मे! जन्मभर घड्याळ बघत बसशील!" रडली. मीही.

अण्णा ताटावरून उठले. 

राहीबाई दारात दुधाचं माप धरून उभ्या होत्या. जाताना आईला म्हणाल्या, "आवं वैनी, माझा दाल्ला धडधाकट व्हता. बारा वर्सं नांदले, कवा 'जेवलीस का' म्हनला न्हाई." आईनं दार लावून घेतलं.

२३ फेब्रुवारी

अण्णा तीन दिवस बोललेले नाहीत. साहेबाला गोळी मात्र तेच देतात.

घरचं कळल्यापासून लिमये लाइनवर फक्त नंबर सांगतात. मी फक्त नंबर लावते. काल शेवटी म्हणाले, "सातारा, तुम्हाला मोकळं व्हायचं असेल तर मी राग धरणार नाही." मी म्हटलं, "सांगली, तुमची तीन मिनिटं संपली." आणि प्लग काढला. मग हसूही आलं, रडूही.

मी मोकळी होणार नाही! इथं लिहून ठेवते.

२५ फेब्रुवारी

अण्णा कऱ्हाडला जातो सांगून पहिल्या गाडीनं गेले. काम आहे म्हणाले. कसलं काम? मुक्कामाला परत आले नाहीत. आई सारखी दाराकडे बघतेय.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

चार वाजता सांगलीहून कॉल. पलीकडे अण्णा!

"पद्मे, पोस्टातून बोलतोय. नकार द्यायला आलो होतो, हे तुला खरं सांगतो. गाडी चुकली, हरीच्या घरच्यांनी ठेवून घेतलं. सकाळी त्याला झटका आला. मी होतो जवळ." मग हलक्या आवाजात — "डोळे उघडल्यावर आधी माझीच माफी मागितली पोरानं. — रविवारी त्याला आणि त्याच्या आईला घेऊन येतोय. तुझ्या आईला सांग, पुरण घाल."