अंगठ्यातली अंगठी

माय, परवा नांदेडला तुझ्या नातीचा साखरपुडा झाला आणि जावयाच्या बोटात अंगठी मी घातली. मी, म्हणजे तुझ्यासारख्याच नवरा गेलेल्या बाईनं. बाकीचं सगळं मागाहून, हे तुला आधी सांगायचं होतं.

आजकाल दोघांच्याही अंगठ्या असतात. तुमच्या वेळी नवरीला अंगठी नव्हतीच. नवरीच्या पायात सासरची जोडवी आणि नवरदेवाच्या बोटात सासऱ्यानं दिलेली अंगठी, एवढाच देण्याघेण्याचा हिशोब. तो तू किती पक्का लक्षात ठेवला होतास हे मी दादांच्या, माझ्या वडिलांच्या, दहाव्याला पाहिलं. अजून दिसतं मला. तू भिंतीला टेकून बसली आहेस, आत्या तुझ्या पायातली जोडवी ओढून काढतेय, आणि दादांच्या बोटातली अंगठी केव्हाच काकांच्या खिशात गेली आहे. तू रडणं थांबवून म्हणतेस, "जोडवी तुमच्या घरची, न्या. अंगठी माझ्या बापानं दिल्ती. ती इकडं द्या." काका म्हणतात, "गड्याची अंगठी तुला कशाला?" तू म्हणतेस, "घालायला." काकांनी खिशात हात घातला.

ती तुझ्या कुठल्याच बोटाला बसेना, म्हणून तू आतून दोरा गुंडाळून अंगठ्यात घातलीस. लातूरच्या डाळमिलमध्ये दिवसभर तूर निवडताना तो दोरा पिवळा पडायचा. मुकादम म्हणाला होता, मशीनपाशी अंगठी चालणार नाही, काढून ठेव. तू मशीनच सोडलीस आणि निवडणाऱ्या बायकांत जाऊन बसलीस. मी एकदा ती घालून शाळेत मिरवायला निघाले, तर दारातूनच मागं ओढलंस मला. "ही नटायची वस्तू न्हाई," एवढंच बोललीस, पण दंडाला धरलेलं दिवसभर दुखत होतं. पुढं माझी लेक पाळण्यात असताना, तुझं दुखणं वाढलं तेव्हा, ती माझ्या हातात ठेवलीस. "हिच्या वेळंला मोड आन् जावयाला नवी कर."

वेळ आली. सोयरीक जुळली, हॉल ठरला, आणि मुलाच्या आत्याचा फोन आला. बाई गोड बोलत होत्या. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. अंगठी तेवढी मुलीच्या काकाच्या हातून होऊ द्या. आमच्याकडं पाळतेत." मी म्हणाले, "अंगठी मी देणार हाव. मंग हात बी माझाच." फोन ठेवला तर लेक समोर उभी. "मम्मी, एवढ्यावरून मोडलं तर?" तिला तो मुलगा मनापासून आवडला होता. तरी म्हणाले, "एवढ्यावरून मोडायचं असंल तर आजच मोडू दे." तिनं रात्री जेवण केलं नाही. मी केलं, आणि तिचं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तुझी अंगठी घेऊन सोनाराकडं गेले. त्यानं आधी जोडीच्या अंगठ्यांचा ट्रे पुढं केला आणि सांगू लागला की या बोटातून नस थेट काळजाला जाते, म्हणून अंगठी इथंच घालतात. तू असतीस तर म्हणाली असतीस, काळजाचं राहू दे, पोटाकडं कोणती जाती ते सांग. मग त्यानं तुझा दोरा कापला, अंगठी तळहातावर घेतली आणि विचारलं, "आटवू का?" मी म्हणाले, राहू द्या. जावयासाठी नवी घेतली.

साखरपुड्याला गुरुजींनी अंगठी मागितली तेव्हा धाकटे दीर खुर्चीतून अर्धे उठले होते. मी त्यांना "बसा" म्हणाले आणि त्यांच्या पुढून गेले. आत्याबाईंनी आपल्या नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्यानं छताकडं. माझी लेक खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. मुलानं मात्र हात माझ्याच पुढं धरला. तो तसाच धरलेला पाहून पहिल्या रांगेतली त्याची आजी म्हणाली, "घाला की बाई, लेकराचा हात अवघडून राहिला." लोक हसले. मी अंगठी घातली. लेकीनं मान वर केली.

नंतर जेवणाच्या पंगतीत जो तो म्हणत होता, बाई धीट आहे. मीही मान डोलावून घेतली. तुला म्हणून खरं सांगते. नवा दोरा गुंडाळून तुझी अंगठी मी सकाळीच अंगठ्यात घातली होती. ती नसती तर मी दिरांना बसा म्हणाले नसते. तू मोड म्हणालीस, माय. मी मोडणार नाही.