फेतूचा दमा

होनोलुलूच्या लष्करी डॉक्टरसाहेबांस,

तालोफा.

माझी नात फेतू हिला लहानपणी दमा होता, म्हणून सैन्यभरतीत अडवलंय. तिला सूट द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवणार. ती म्हणाली, "आजोबा, डॉक्टरांना माझ्याबद्दल दोन शब्द लिहा."

काल त्सुनामीचा भोंगा वाजला. माझे गुडघे कामातून गेलेले. तिने मला पाठीवर घेतलं आणि सरळ डोंगर चढू लागली. मी ओरडत होतो, "पोरी, छाती भरेल, उतरव मला!"

"आजोबा, चढतेय मी आणि धापा तुम्ही टाकताय!"

मला वर बसवून ती पुन्हा खाली पळाली, शेजारच्या म्हातारीला आणायला.

साहेब, हे वाचलंत तर तुम्ही तिला नक्की घ्याल. म्हणूनच पत्र टपालात टाकायला मन धजत नाही.

तिचा आजोबा,
इओपू
तुतुइला बेट, अमेरिकन सामोआ