ब्रुनोची बहीण

प्रिय रश्मी,

तुझे इतके फोन आले, मी एकही घेतला नाही. रागावू नकोस. ब्रुनोचं नाव निघालं की माझा आवाजच बसतो, म्हणून हे कागदावर. सोमवारी कुडाळच्या डॉक्टरांनी त्याला कायमचं झोपवलं. डोकं माझ्या मांडीवर होतं. सुई टोचली तरी शेपूट हलवत होता, वेडा. जुलीच्या पिल्लाबद्दलचा तुझा निरोप पोचला, त्याचं उत्तर शेवटी लिहिते.

आठवतं, बेळगावहून ही भावंडं आपण एकाच टोपलीतून आणली? तू जुलीला सावंतवाडीला नेलंस, ब्रुनो इथे देवबागात आला. मागे उतरत गेलेली त्याची पाठ बघून आमच्याकडे उतरणारे पाहुणे फोटो काढायचे आणि आमचे हे, मिशी नसताना, मिशीला पीळ द्यायचे. जातिवंत अल्सेशियन ना. मग एक दिवस तो वाळूतून मागचे पाय ओढत आला. सासूबाई म्हणाल्या, "राखणदाराच्या वाटेर निजता तो, म्हणान तेचे पाय धरल्यान." सासऱ्यांनी गावाची राखण करणाऱ्या त्या देवापुढे नारळ ठेवून, याचे पाय सोड म्हणून गाऱ्हाणं घातलं, मी त्याची निजायची जागा बदलली, खोबरेल कोमट करून पाय चोळले. आणि खरंच, थोडे दिवस बरा चालला. त्यावर विसंबून आम्ही पावसाळाभर डॉक्टरकडे गेलोच नाही.

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, खुब्याची वाटीच उथळ आहे, हाड तिच्यात नीट बसत नाही. हे आईबापांकडून आलेलं दुखणं. रश्मी, सोयरीक जुळवताना आपण समोरच्या घराण्यात कोणाला काय आजार होता ते गावभर विचारत फिरतो. इथे मात्र नुसता रुबाब पाहिला. शेवटी त्याला लघवीलाही उठता येईना. जागीच व्हायची आणि तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. मला ते बघवत नव्हतं.

जुलीसाठी नर ठरवलायस, पहिलं पिल्लू गौरजाला, असं तू ह्यांना सांगितलंस. ऐकून मी खूप रडले. मला ते पिल्लू हवं आहे गो, ब्रुनोसारख्या कानांचं. पण डॉक्टरांनी विचारलं, याची भावंडं आहेत का? जुली आज धडधाकट धावत असली तरी हे तिच्या रक्तात असू शकतं, पिल्लांत उतरू शकतं, म्हणाले. तिला जोडू नकोस. उद्या मीच पिल्लू मागायला आले, तरी देऊ नकोस.

तुझीच,
गौरजा