दहा-अकराचा पाना

४ फेब्रुवारी
लावली बाई पाटी एकदाची! 'गॅरेज विकणे आहे.' मामाने खुर्चीत बसून हुकूम सोडला, मी शटरच्या चौकटीला छातीइतक्या उंचीवर पाटी ठोकली. दहाचे चार बोल्ट. इतका राग आला होता की चारही जीव खाऊन आवळले. "अगं बास, चौकट मोडशील!" मामा ओरडला. मोडू दे की. विकायचीच आहे ना?

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून मामाचा उजवा हात मांडीवर पडून असतो. पाय सावरले, हात काही सावरला नाही. ज्याला पाना धरता येत नाही तो कसला मिस्त्री, असं त्याचं म्हणणं. मी त्याच्याच हाताखाली शिकले, निम्म्या गाड्या मीच खोलते. पण ते कुठे धरायचंय!

६ फेब्रुवारी
व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. उजव्या हाताने दाबायला स्पंजचा चेंडू देऊन गेल्या. मामाने तो डाव्या हाताने थेट खिडकीबाहेर भिरकावला. "मी काय तान्हं बाळ आहे?" मामी जाऊन घेऊन आली. पुन्हा भिरकावला. नेम चांगला आहे अजून.

१० फेब्रुवारी
जुने पाने पार झिजलेत. घसरतात, बोल्टची डोकी गोल करून टाकतात. विकेपर्यंत तरी काम चालवायला हवं, म्हणून हार्डवेअरवाल्याकडे गेले. त्याच्याकडे तीन कंपन्यांचे सेट. निळ्या डब्यातला स्वस्त नि हलका. लाल डब्यातला इतका चकचकीत की कुंकू लावून घ्यावं त्यात बघून. आणि तिसरा काळा, कागदात गुंडाळलेला, जड — ना रूप ना रंग. म्हणाला, "तिन्हीतला दहा-अकराचा पाना घेऊन जा, एका तोंडाला दहाचा बोल्ट, दुसऱ्याला अकराचा. वापर महिना-दीड महिना, मग सांग कोणता सेट देऊ." देवमाणूस. बोलतो मात्र फार!

११ फेब्रुवारी
मामाची पाना पारखायची जुनी पद्धत आहे — फरशीवर टाकायचा नि कान द्यायचा. चांगलं पोलाद खणखणतं, हलकं असेल तर बद्द वाजतं. म्हणून तिन्ही पाने त्याच्यापुढे नेऊन ठेवले. त्याने काळा डाव्या हाताने उचलला आणि सवयीने उजव्यात घेतला.

पडला.

मामी चहा घेऊन येत होती, ती दारातच थबकली. मामाने पायानेच पाना जवळ ओढला. मग म्हणाला, "खणखणला की नाही?"

"खणखणला."

"मग सुतकी चेहरे काय करताय दोघी? लाल दे इकडे."

१२ फेब्रुवारी
लाल पडला — वाजला बरा. निळा पडला — बद्द! मामा खूश. म्हणे एका दिवसाच्या आवाजावर निकाल लागत नसतो, उद्या परत.

२० फेब्रुवारी
रोज सकाळी परीक्षा. मामा एकेक पाना उजव्या हातात घेतो, बोटं वळतील तेवढी वळवतो, पाना पडतो, मग शेरा मारतो. काळा जड, तो लगेच सुटतो. निळा जरा जास्त वेळ टिकतो. मी म्हटलं, मामा, परीक्षा पान्याची चाललीय की तुझी? "मिस्त्रीणबाई, आपलं काम बघा." चेंडूत मामीने सुया खोचून ठेवल्यात.

४ मार्च
लालचा मुलामा निघायला लागला! ऑइलच्या हातातून तर साबणासारखा सटकतो. रूपावर भाळले होते मी. निळ्याने कालपर्यंत बरं काम दिलं, पण तोंड सैल झाल्यासारखं वाटतंय. काळा मुद्दाम पाण्याच्या बादलीत टाकून ठेवला होता. जरासा तांबूस झाला, ऑइलचं फडकं फिरवलं की जसाच्या तसा.

जोराची परीक्षा तेवढी राहिली. जोर वाढवायला पान्याच्या दांडीत पाईप अडकवून बघते म्हटलं तर मामा भडकला — "पाईप लावतो तो मिस्त्री नव्हे, आडदांड! हाताला झेपेल तेवढाच जोर द्यायचा." हाताला झेपेल तेवढाच! बोलून गेला आणि आपल्याच हाताकडे बघत बसला. मला कुठे बघावं कळेना.

१५ मार्च
आज एकही पाना पडला नाही!! काळासुद्धा नाही! "आवाजच नाही तर निकाल कसा लावायचा?" मामा कुरकुरला आणि हसला. किती महिन्यांनी हसला. मी बॉनेटमध्ये डोकं घालून रडून घेतलं.

२१ मार्च
शेजारचा टायरवाला पाटी वाचून आला. गॅरेज घेतो म्हणाला, त्याला टायर ठेवायला गोदाम हवंय. मामा म्हणाला, "पुढच्या रविवारी सकाळी ये, काय ते सांगतो." सांगतो काय? नाही म्हण की तोंडावर! मी बोलणारच होते, पण मामीने डोळे वटारले.

नुसता पाना धरणं वेगळं आणि बोल्ट खोलणं वेगळं, हे मलाही कळतं. तरी आशा लागलीय. लागली तर लागली, काय करू?

२७ मार्च
निळा पाना गायब. हार्डवेअरवाल्याला काय तोंड दाखवू? मामाला विचारलं तर, "असेल कुठेतरी. भंगार तो, त्याचं काय एवढं!" मामी पदराआड हसत होती. मला मेलं कशाचं हसू येत नाही. उद्या रविवार.

२८ मार्च
निळा बाद! तोंड फाकलं त्याचं — पाटीच्या चौथ्या बोल्टवर. मी दूध घेऊन येईपर्यंत तीन बोल्ट मामाने सोडवले होते. उजव्या हाताने. पाटी एका बोल्टवर लोंबकळत होती, टायरवाला आ वासून उभा, आणि मामा घामाघूम होऊन माझ्यावरच खेकसला, "एवढे आवळतं का कुणी? बघत काय राहिलीस? काळा आण!"